५१ वर्षं, ९ महिने, ४ दिवस आणि १३९ मिनिटं

फर्मिना दासाने नकार दिला त्या दिवसापासून तिच्या नवऱ्याच्या मृत्यूपर्यंत फ्लोरेन्तिनो आरिसा किती काळ थांबला, याचा हिशोब कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझ ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ या कादंबरीत चोख देतात: ५१ वर्षं, ९ महिने आणि ४ दिवस. १९८५ साली आलेल्या त्या स्पॅनिश कादंबरीवर माइक न्यूएल यांनी २००७ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. लांबी १३९ मिनिटं. भागाकार करून पाहा, एका वर्षाच्या वाट्याला साधारण २ मिनिटं ४१ सेकंद येतात. आयुष्यभराचं प्रेम सांगणारं कुठलंही पुस्तक पडद्यावर आणायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच असतो: ही मिनिटं कुणाला द्यायची? या चित्रपटाचं जे बिनसलं ते मुख्यतः या वाटपात, असं माझं ठाम मत आहे.

बाकी सगळं जुळून आलं होतं. निर्माते स्कॉट स्टाइनडॉर्फ यांनी हक्क मिळवायला लेखकाचा तीन वर्षं पिच्छा पुरवला. आपणच फ्लोरेन्तिनो आहोत, हो म्हणेपर्यंत हटणार नाही, असं त्यांनी मार्केझना कळवलं होतं. पटकथेला रोनाल्ड हारवुड होते, ‘द पियानिस्ट’साठी ऑस्कर मिळालेले. मुख्य भूमिकेत हाविएर बार्देम, त्याच्या आईच्या भूमिकेत ब्राझीलच्या थोर अभिनेत्री फर्नांदा मोन्तेनेग्रो, छायाचित्रण अफोन्सो बेआतो यांचं, संगीत आंतोनियो पिंतो यांचं, शिवाय शकीराची गाणी. आणि चित्रीकरण कोलंबियात, खुद्द कार्ताहेना शहरात. इतकी तयारी असूनही एखादं रूपांतर का हुकतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. तारखात्यातला उमेदवार फ्लोरेन्तिनो एका घरी तार पोचवायला जातो आणि आपल्या आत्याला वाचायला शिकवणारी शाळकरी फर्मिना त्याला दिसते. पत्रं सुरू होतात. खेचरांचा व्यापार करणारा तिचा बाप तिला लांबच्या प्रवासाला घेऊन जातो, तरी गावोगावच्या तारमास्तरांच्या साखळीतून निरोप पोचत राहतात. (मार्केझ यांचे वडील स्वतः तारमास्तर होते आणि आईच्या घरून त्या लग्नाला असाच विरोध होता. हा भाग घरातूनच आलेला आहे.) परतल्यावर बाजारात तो अचानक पाठीशी येऊन बोलतो, ती वळून बघते आणि त्या एका नजरेत तिचं सगळं प्रेम ओसरतं. हाताच्या एका इशाऱ्यानं ती त्याला आयुष्यातून बाजूला करते. पुढे पॅरिसहून शिकून आलेल्या, कॉलऱ्याशी लढणाऱ्या डॉ. हुवेनाल उर्बिनोशी तिचं लग्न होतं. फ्लोरेन्तिनो काकाच्या नदीवाहतूक कंपनीत वर चढत जातो आणि मधल्या काळात २५ वह्यांमध्ये ६२२ प्रेमप्रकरणांची नोंद करतो. ८१ वर्षांचे डॉक्टर आंब्याच्या झाडावर बसलेल्या पोपटाला पकडायला शिडीवर चढतात आणि पडून मरतात. त्याच दिवशी, सांत्वनाला आलेली माणसं पांगल्यावर, ७६ वर्षांचा फ्लोरेन्तिनो ७२ वर्षांच्या फर्मिनासमोर पुन्हा प्रेमाची शपथ घेतो. ती त्याला घराबाहेर काढते.

आता कादंबरीची बांधणी पाहा. एकूण सहा प्रकरणं. पहिलं म्हातारपणात, शेवटचं म्हातारपणात, मधली चार तरुणपण आणि संसाराची. म्हणजे ढोबळमानाने एक तृतीयांश पुस्तक सत्तरीच्या पुढचं आहे. कादंबरीच्या शेवटी आणखी एक आकडा येतो: ५३ वर्षं, ७ महिने, ११ दिवस आणि रात्री. दोन आकड्यांची वजाबाकी केली की कळतं, नवरा गेल्यानंतर तिचं मन वळायला जवळजवळ २२ महिने लागले आहेत. हे २२ महिने कादंबरीचा गाभा आहेत. पहिलं प्रेम वयानं झालेलं असतं. दुसरं दोघांनी जाणूनबुजून, पत्रापत्राने, मंगळवारच्या भेटींनी उभं केलेलं आहे. चित्रपटाची सुरुवात पोपट, शिडी आणि चर्चच्या घंटांनी होते, तिथून पन्नास वर्षं मागे जाऊन तो तरुणपणात रमतो, आणि म्हातारपणाकडे परतेपर्यंत त्याचा दम संपलेला असतो. १३९ मिनिटांची तिहाई ४६ मिनिटं होते. तेवढी जागा या वृद्ध जोडप्याला मिळाली असती तर हा निराळाच चित्रपट झाला असता.

मिनिटं तिथे का दिली जात नाहीत? एक कारण बाजाराचं, म्हातारी माणसं पोस्टरवर नको असतात. दुसरं कारण रंगभूषेचं, आणि ते नीट उलगडून सांगण्यासारखं आहे.

एकाच पात्राचं पन्नास वर्षांचं वय दाखवायचे ढोबळ दोन मार्ग आहेत. एक, वयानुसार वेगवेगळे नट घ्यायचे. दोन, एकच नट घेऊन त्याला रंगभूषेनं म्हातारा करायचा. २००४ च्या ‘द नोटबुक’मध्ये निक कॅसाव्हेटिस यांनी पहिला मार्ग धरला. तरुणपणी रायन गॉसलिंग आणि रेचल मॅकॲडम्स, उतारवयात जेम्स गार्नर आणि जीना रोलंड्स. दोघंही ज्येष्ठ तेव्हा खरोखरच सत्तरीत होते. चेहरे जुळत नाहीत, पण दोन्हीकडे एकच नियम पाळला असल्यामुळे प्रेक्षक पाच मिनिटांत तो मान्य करतो.

‘कॉलरा’मध्ये नियमच दुहेरी आहे. किशोरवयीन फ्लोरेन्तिनो उनाक्स उगाल्देनं केला आहे, पुढचा सगळा बार्देमनं. फर्मिना मात्र शाळकरी वयापासून ७२ पर्यंत एकटी जोव्हाना मेझ्झोजोर्नो. चित्रीकरणाच्या वेळी ती बत्तिशीच्या आसपास होती, बार्देम सदतिशीच्या. परिणाम असा होतो की गोष्टीत दोघं बरोबरीनं वाढतात, पडद्यावर मात्र मुलगा एकदम पुरुष होतो आणि मुलगी तीच राहते. बाजारातल्या नकाराला याचा थेट फटका बसतो. त्या प्रसंगात तिला त्याच्यातला बदल दिसत नाही. तिला तो जसा होता तसाच पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. कलाकार बदलून प्रेक्षकाच्या डोळ्यांना आधीच गोंधळात टाकलं, की भ्रमनिरास कुणाचा, तिचा की आपला, हेच कळेनासं होतं. नट बदलायचाच असेल तर जोडीतले दोघंही एकाच कटवर बदलावेत, आणि बदल भावनेच्या ऐन टोकावर न ठेवता एखाद्या कोरड्या जागी ठेवावा: प्रवास, ऋतू, दुकानाची पाटी. दोन नटांना जोडायला चेहऱ्यापेक्षा सवयी जास्त उपयोगी पडतात. कुठल्या हाताने लिहितो, टोपी कशी धरतो, ऐकताना मान कुठे झुकवतो, अशा तीन सवयी ठरवून दोघांकडून महिनाभर घोटून घेतल्या की नाकाडोळ्यांतला फरक माफ होतो.

आता दुसरा मार्ग. चाळिशी-पन्नाशीपर्यंत जायचं असेल तर द्रव लेटेक्सनं भागतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातली किंवा गालावरची कातडी एकानं ताणून धरायची, दुसऱ्यानं स्पंजनं लेटेक्सचा पातळ थर टिपून लावायचा, ताण न सोडता हेअर ड्रायरने सुकवायचा, पावडर मारायची आणि मग सोडायचं. कातडी आकसते आणि बारीक सुरकुत्या उमटतात. दोन-तीन थरांपर्यंत हे छान दिसतं. त्यापुढे थर चढवले की चेहरा रबरी होतो, हसताना सुरकुत्या चुकीच्या दिशेला पडतात.

सत्तरीसाठी कृत्रिम त्वचेचे तुकडेच लागतात. आधी चेहऱ्याचा साचा: अल्जिनेट, म्हणजे दाताचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात तेच, चेहऱ्यावर लावायचं आणि वरून प्लास्टरच्या पट्ट्या बसवायच्या. नाकपुड्या उघड्या ठेवायच्या आणि नटाने पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही. त्या साच्यातून चेहऱ्याची प्रतिकृती काढायची, तिच्यावर मातीनं लोंबते गाल, गळ्याची कातडी, डोळ्यांखालच्या पिशव्या घडवायच्या, त्यांचे पुन्हा साचे काढायचे आणि त्यात फोम लेटेक्स किंवा सिलिकॉन ओतायचं. कडा इतक्या पातळ हव्यात की त्वचेत बेमालूम मिसळल्या पाहिजेत. या कडा दिवसअखेरीला काढताना फाटतातच, त्यामुळे प्रत्येक दिवसासाठी नवा संच लागतो. वीस दिवसांचं काम म्हणजे वीस संच, वर पाच-सहा राखीव. लावायला तीन ते पाच तास, उतरवायला तासभर. बारा तासांच्या पाळीत कॅमेऱ्यासमोर सहा-सात तास उरतात, आणि सलग पाच-सहा दिवस हे केलं तर नटाची कातडी सोलवटते. म्हातारपणाची दृश्यं निर्मात्याला नको असतात ती या हिशोबामुळे. पटकथेतलं प्रत्येक म्हातारं पान तरुण पानाच्या दुप्पट महाग पडतं.

कार्ताहेना समुद्रकाठचं उष्ण आणि दमट शहर आहे. घाम आतून येतो, तुकड्याखाली साठतो आणि सगळ्यात आधी ओठांचे कोपरे आणि नाकाच्या कडा सुटतात, कारण तिथे हालचाल जास्त. मे महिन्यात मुंबईत शूटिंग केलेल्या रंगभूषाकाराला हे सांगावं लागणार नाही. उपाय ठरलेले आहेत: गोंदाआधी घाम रोखणारं द्रावण, दोन शॉट्समध्ये नटाला गार खोलीत बसवणं, आणि म्हाताऱ्या वयाचे क्लोज-अप सकाळच्या पहिल्या दोन तासांत उरकणं. उन्हातला, बाजूने पडणारा उजेड टाळायचा. फोम लेटेक्समधून प्रकाश आरपार जात नाही, त्यामुळे बाजूच्या उजेडात गाल मेल्यासारखा निस्तेज दिसतो. सिलिकॉन या बाबतीत कातडीच्या बरंच जवळ जातं, पण वजनानं जड असतं आणि गळ्यावरून ओघळतं.

एवढं करूनही एक मूलभूत अडचण उरते. वय होतं तेव्हा चेहरा आटतो. कानशिलं बसतात, गालांतली चरबी उतरते, ओठ पातळ होतात, डोळे खोबणीत जातात. रंगभूषेला फक्त भर घालता येते, काढून घेता येत नाही. म्हणून तरुण नटाला म्हातारं केलं की तो बहुतेक वेळा सुजल्यासारखा दिसतो. मेझ्झोजोर्नोच्या बाबतीत नेमकं हेच खटकतं: डोळे आणि डोळ्यांभोवतीची हालचाल तिशीची, भोवतालची कातडी सत्तरीची, मान आणि हात यांच्या मधले कुठलेतरी. बार्देमचं म्हातारपण त्यामानाने निभावतं, आणि त्याचं श्रेय शरीराला आहे. तो आधी खांद्यांनी म्हातारा होतो, चेहऱ्यानं नंतर. पाऊल पूर्ण उचलत नाही, वळताना मान आणि धड एकत्र वळवतो. वृद्ध भूमिका करणाऱ्या कुठल्याही नटाने बसण्याची क्रिया वेगळी घोटून घ्यावी. म्हातारा माणूस आधी हाताने खुर्ची शोधतो, मग पोटरीला तिचा स्पर्श झाला की वजन सोडतो. हे एक जमलं तर गालावरचे दोन तुकडे कमी लावले तरी चालतात.

माझं स्पष्ट मत: फर्मिनाच्या शेवटच्या टप्प्यासाठी सत्तरीतली अभिनेत्री घ्यायला हवी होती, आणि मग फ्लोरेन्तिनोसाठीही तसाच ज्येष्ठ नट. बार्देमला त्याच्या सगळ्यात गाजणाऱ्या प्रसंगांवर पाणी सोडावं लागलं असतं, म्हणून हे झालं नसावं असा तर्क करता येतो. पण ज्या चित्रपटात ७७ वर्षांच्या मोन्तेनेग्रो हजर आहेत, तिथे खरा वृद्ध चेहरा शेजारी आला की रंगवलेला किती उघडा पडतो, हे दिग्दर्शकाला दिसलंच असणार.

वयाइतकाच अवघड प्रश्न सवयीचा. पन्नास वर्षांचं प्रेम घटनांनी बनत नाही, रोजच्या त्याच त्या गोष्टींनी बनतं. ‘तो संध्याकाळी त्या बाकावर जाऊन बसे’ हे लेखक एका ओळीत लिहितो आणि त्यात दहा वर्षं मावतात. कॅमेऱ्याला ‘बसे’ म्हणता येत नाही. त्याला ‘बसला’ एवढंच म्हणता येतं. त्यामुळे नवखी पटकथा पुनरावृत्ती टाळते, ठळक प्रसंग निवडते, आणि पन्नास वर्षं पंधरा प्रसंगांची माळ होऊन जातात.

यावर चांगला उतारा १९९३ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांनी ‘द एज ऑफ इनोसन्स’मध्ये दाखवला. ईडिथ व्हॉर्टन यांच्या १९२० च्या कादंबरीवरचा हा चित्रपट. नायकाच्या संसाराची वर्षं उरकायची वेळ येते तेव्हा कॅमेरा एका खोलीत सावकाश फिरतो, आणि जोआन वुडवर्ड यांच्या आवाजातलं निवेदन त्याच खोलीत काय काय घडलं ते सांगत जातं. मुलं, बारसं, चर्चा, आजारपण. खोली तीच, वर्षं सरकतात. नंतर पॅरिसमधला शेवटचा प्रसंग येतो तेव्हा सव्वीस वर्षं आपण जगून आल्यासारखी वाटतात, कारण ती आपण एका जागी उभं राहून पाहिलेली असतात. निवेदनाला ‘जात असे, बसत असे’ म्हणता येतं, ही त्याची खरी ताकद. पटकथेच्या कार्यशाळांत निवेदन म्हणजे आळस असं सरसकट शिकवलं जातं. आयुष्यभराच्या गोष्टींना तो नियम लावू नये.

निवेदन नको असेल तर एकच चौकट पुन्हा पुन्हा आणावी. कादंबरीतला आरशाचा प्रसंग यासाठीच केलेला वाटतो. फ्लोरेन्तिनो एका खानावळीत बसलेला असतो, समोरच्या मोठ्या आरशात त्याला फर्मिना नवऱ्याबरोबर जेवताना दिसते. दोन तास तो तिचं प्रतिबिंब पाहतो. नंतर मालकाच्या मागे लागून तो आरसाच विकत घेतो आणि घरी लावतो; चौकट कोरीव आहे म्हणून नव्हे, तर त्या काचेत ती दोन तास होती म्हणून. पडद्यावर हे करायला तीन शॉट पुरतात. खानावळीत आरशातली ती, तिच्या हातातला चमचा, तिचं बोलणं ऐकू येत नाही. हातगाडीवर उभा बांधलेला आरसा, त्यात डोलणारं आभाळ आणि रस्त्यावरची घरं. मग त्याच्या घरातल्या भिंतीवर तोच आरसा, तीच चौकट, त्यात एकटा तो. पुढच्या तीस वर्षांत हीच तिसरी चौकट आणखी तीनदा, प्रत्येकी दहा सेकंद आणायची: केस कमी, दिवा बदललेला, काचेला डाग. चाळीस-पन्नास सेकंदांत तीन दशकं, आणि एकही संवाद नाही.

या कादंबरीत आयुष्यभराची प्रेमं दोन आहेत, हेही रूपांतर करणारे विसरतात. दुसरं म्हणजे फर्मिना आणि डॉ. उर्बिनो यांचं पन्नास वर्षांचं लग्न. पुस्तकातलं साबणाचं भांडण वाचलेलं माणूस विसरत नाही. डॉक्टर न्हाणीघरातून वैतागून म्हणतात, आठवडाभर साबण नाही. तिला माहीत असतं की तीनच दिवस झालेत, आणि चूक आपलीच आहे. पण ‘आठवडा’ ऐकून तिचं डोकं फिरतं. कुणी माघार घेत नाही. महिनोन्‌महिने बोलणं बंद, झोपणं वेगळ्या खोल्यांत. शेवटी एका रात्री ते थकून जुन्या बिछान्यावर आडवे होतात, ती उठवायला येते आणि ते म्हणतात, इथेच राहू दे, साबण होता. या प्रसंगात बोललेली वाक्यं चार-पाचच आहेत. ओला हात रिकाम्या साबणदाणीत चाचपडतोय, इथून सुरुवात. मग जेवणाच्या टेबलावर दोघांमधली मीठदाणी, ती मागायला मोलकरणीला हाक. दोन दारांखालचा उजेड, आधी एक विझतो, मग दुसरा. त्या पहिल्या शॉटनंतर साबणदाणी दरवेळी दिसते आणि दरवेळी भरलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. चार मिनिटांत लग्न म्हणजे काय ते सांगून होतं. आणि हे सांगितलं तरच फ्लोरेन्तिनोच्या विरुद्ध काय उभं आहे ते प्रेक्षकाला कळतं. डॉक्टर नुसता देखणा प्रतिस्पर्धी राहिला, तर त्याच्या मृत्यूची वाट बघणं हलकं होऊन जातं.

पत्रांबद्दल. कादंबरी पत्रांनी भरलेली आहे, तरी मार्केझ पत्रं क्वचितच उद्धृत करतात. त्यांचा परिणाम सांगतात. चित्रपटात मजकूर ऐकवायचा मोह होतो आणि तिथेच घात होतो, कारण महान प्रेमपत्राची आपण कल्पना करतो त्याच्या पासंगाला पटकथाकाराच्या ओळी पुरत नाहीत. अपवाद एक: लग्नाच्या मागणीला फर्मिनानं दिलेला होकार. वहीच्या कागदावर पेन्सिलनं एकच ओळ, वांगी खायला लावणार नसशील तर करते लग्न. असं पत्र पूर्ण वाचून दाखवावं. बाकीची पत्रं हातांनी आणि चेहऱ्यांनी दाखवावीत. म्हातारपणीची पत्रं तर टंकयंत्रावरची आहेत, आणि यात नाट्य आहे. तरुणपणी अलंकारिक अक्षरात पानंच्या पानं लिहिणारा माणूस सत्तरी उलटल्यावर दोन बोटांनी अक्षरं शोधत, चुकलेले कागद फेकत, आयुष्याबद्दल साधं-सरळ लिहायला शिकतो. भाषा बदलली म्हणून तिचं मन वळतं. टंकयंत्राचा आवाज ध्वनिपट्टीवर आधी अडखळत आणि काही आठवड्यांनी लयीत आणला, तर २२ महिन्यांची निम्मी गोष्ट आवाजच सांगतो.

६२२ प्रकरणांचं काय करायचं? चित्रपट त्यांची जंत्री देतो, एकामागून एक स्त्री, आकडा वाढतो, आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. हशा वाईट नाही. कादंबरीतही विनोद भरपूर आहे. पण तिथे त्या हशाची किंमत मोजली जाते. ओलिंपिया सुलेताच्या नवऱ्याला तिच्या अंगावर फ्लोरेन्तिनोनं रंगवलेले शब्द दिसतात आणि तो तिचा जीव घेतो. अमेरिका विकुन्या, वय १४, शिक्षणासाठी त्याच्या पालकत्वाखाली सोपवलेली नात्यातली मुलगी. तिच्याशी त्याचे संबंध आहेत, आणि फर्मिनासाठी तो तिला बाजूला सारतो तेव्हा ती आत्महत्या करते. चित्रपटात या भूमिकेत सज्ञान अभिनेत्री आहे आणि ती तरुणी म्हणूनच वावरते. अल्पवयीन मुलीला तसं दाखवू नये हे उघडच आहे, तो निर्णय बरोबर. पण वय वाढवलं म्हणून जबाबदारी गाळता येत नाही. निष्ठावान प्रियकराच्या निष्ठेचा भुर्दंड कुणी भरला हे लपवलं की उरतो तो गोड म्हातारा, आणि तो पुस्तकात कुठेच नाही. सहाशे बायकांची जंत्री देण्यापेक्षा तीन निवडाव्यात आणि प्रत्येकीला तिचा शेवट द्यावा: विधवा नासारेत, ओलिंपिया, अमेरिका.

भाषेबद्दल एवढंच: स्पेन, इटली, ब्राझील, मेक्सिको, कोलंबिया, अमेरिका इथले नट आणि सगळे आपापल्या धाटणीच्या इंग्रजीत बोलतात. एका घरातला बाप न्यूयॉर्कच्या वळणाचा, मुलगी इटालियन वळणाची. देवरुखच्या एकाच वाड्यात आजोबा वऱ्हाडी, आई सोलापुरी आणि मुलगा पुणेरी बोलू लागला तर घर घरासारखं वाटणार नाही, तसं होतं. स्पॅनिशमध्ये केला असता तर कोलंबियन बोलीनं शहर आपोआप उभं राहिलं असतं. इंग्रजीच हवी असेल तर निदान उच्चाराचं एक वळण ठरवून सगळ्यांना आठ आठवडे तालीम द्यायला हवी होती. जीभ सांभाळण्यात गुंतलेल्या नटाचं अर्धं लक्ष समोरच्या माणसावर नसतंच.

आता वाटप. १३९ मिनिटं तेवढीच ठेवू. सुरुवातीचा पोपट, शिडी, मृत्यू आणि ती आगाऊ शपथ: १२ मिनिटं, आणि फर्मिनाचा संताप त्यात पूर्ण दिसला पाहिजे. तरुणपण, तारा, प्रवास, नकार: ३० मिनिटं. चित्रपट इथेच सगळ्यात जास्त रेंगाळतो आणि इथूनच कात्री लावता येते; आत्या, सहल, बापाची दमदाटी हे सगळं निम्म्यावर येऊ शकतं. लग्न: २२ मिनिटं, त्यातली ४ साबणाला, ५ डॉक्टरांच्या बार्बरा लिंचशी झालेल्या विवाहबाह्य प्रकरणाला. फ्लोरेन्तिनोची मधली वर्षं, आरसा आणि त्या तीन स्त्रिया धरून: २७ मिनिटं. उरतात ४८. त्यांतली २० टंकयंत्र, पत्रं आणि मंगळवारचा चहा यांना. तिच्या मुलीचा विरोध यातच, कारण म्हाताऱ्यांनी प्रेम करू नये असं म्हणणारं ते घरातलं माणूस आहे आणि त्याला फर्मिनानं दिलेलं उत्तर पुस्तकातल्या सर्वात कणखर क्षणांपैकी आहे.

शेवटची २८ मिनिटं बोटीवर, दोघांच्या म्हातारपणीच्या नदीप्रवासाला. बोटीच्या बॉयलरसाठी जंगल तोडून उजाड झालेले काठ दिसले पाहिजेत. मार्केझनी ते मुद्दाम लिहिले आहेत, नदीही या दोघांइतकीच वापरून संपत आली आहे. केबिनमधला पहिला प्रयत्न फसतो, तो फसलेलाच दाखवावा, संगीत न वाजवता. त्यानंतर कादंबरीत जे येतं ते बहुतेक रूपांतरं गाळतील: ती त्याला एनिमा घ्यायला मदत करते, पेल्यात ठेवलेली त्याची कवळी त्याच्या आधी उठून घासून ठेवते. हे दृश्य दीड मिनिटाचं ठेवावं, कटशिवाय, कॅमेरा तिच्या हातांच्या उंचीवर. रंगभूषेचा खर्चही इथे वाचतो, कारण चौकटीत फक्त हात, ब्रश आणि कवळी आहे. हातांवरच्या शिरा आणि डाग तेवढे नीट रंगवावेत. कप्तान पिवळा झेंडा, म्हणजे बोटीवर कॉलरा असल्याची खूण, चढवतो ते यानंतर, आणि त्या प्रसंगाला दोन मिनिटांहून जास्त लागत नाहीत.